सगळ्यांचं उत्तर ९.८१ कसं? शाळेतल्या भौतिक विज्ञानात काय शिकवायला हवं

मागच्या सत्रात पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला टीचिंग असिस्टंट म्हणून माझी नेमणूक झाली होती. पीएचडी करणाऱ्यांना हे काम चुकत नाही. त्यातला एक प्रयोग साध्या दोलकाचा होता. दोरा, धातूचा गोळा, स्टॉपवॉच. आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे आपलं ‘जी’, काढायचं. संध्याकाळी जर्नल्सचा गठ्ठा घेऊन तपासायला बसले आणि तिसऱ्या-चौथ्या जर्नललाच हसू यायला लागलं. सगळ्यांचं उत्तर ९.८१. एखाद्याचं ९.८०, एखादीचं ९.८२. कुठे खाडाखोड नाही, कुठे एकही रीडिंग वेडंवाकडं नाही.

हसू फार टिकलं नाही, कारण अकरावीत मीही हेच केलं होतं. आमच्या कॉलेजात याला ‘मागून काढणं’ म्हणायचे. आधी उत्तर ठरलेलं असायचं, मग त्यावरून दोलनकाल, मग त्यावरून वीस आंदोलनांचा वेळ, आणि शेवटी खरं वाटावं म्हणून इकडेतिकडे पॉइंट एक, पॉइंट दोनचा फरक. पेन्सिलने आधी, पेनने नंतर. वर्गातल्या कुणालाही यात खोटेपणा करतोय असं वाटत नव्हतं. जर्नल पूर्ण करणं म्हणजे हेच, असं वाटायचं.

तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाकडे वळायच्या तयारीत आहात. कुणी नेटचा अभ्यास करतंय, कुणी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गाइड शोधतंय. म्हणून आज थोडं मागे जाऊन बोलू या. शाळेत, म्हणजे आठवी ते दहावीत आणि पुढे अकरावी-बारावीत, भौतिक विज्ञानात मुलांनी नेमकं काय शिकायला हवं? माझी तक्रार धड्यांच्या यादीबद्दल नाही. आपण मुलांना आकडे देतो, पण कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कधीच शिकवत नाही, ही माझी तक्रार आहे. त्याची किंमत पुढे तुम्ही-आम्ही मोजतो.

९.८१ कुठलं?

आधी हा आकडाच नीट बघू. पृथ्वीवर जी सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, ध्रुवांवर सुमारे ९.८३. ध्रुवांवर जास्त आणि विषुववृत्तावर कमी, हे राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात आहे. पुणे विषुववृत्ताच्या साडेअठरा अंश उत्तरेला आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथलं जी येतं सुमारे ९.७८. मुंबईचंही जवळपास तेवढंच. ९.८१ हे लंडन-पॅरिसकडचं जी आहे. म्हणजे आमची पोरं पुण्यात बसून, पुण्यातला दोलक हलवून, लंडनचं उत्तर लिहीत होती. खोटं लिहायचं तर निदान आपल्या गावचं तरी लिहावं!

पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. समजा कुणी प्रामाणिकपणे प्रयोग केला. दोरा आणि गोळ्याची त्रिज्या धरून लांबी १०० सेंटिमीटर. वीस आंदोलनांना लागले ४०.१ सेकंद. एका आंदोलनाला २.००५ सेकंद. सूत्रात आकडे घातले की कॅल्क्युलेटर ९.८२०४ असं काहीतरी दाखवतो. यातले किती आकडे खरे?

स्टॉपवॉच हाताने दाबताना मागेपुढे होतंच. सुरुवात आणि शेवट मिळून ०.२ सेकंदांची चूक धरा. चाळीस सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात दोलनकालाचा वर्ग आहे, म्हणून जीमध्ये ती चूक दुप्पट होते, म्हणजे एक टक्का. लांबी मोजताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर आणखी ०.२ टक्के, ते सध्या सोडून देऊ. दहाचा एक टक्का म्हणजे ०.१. तेव्हा प्रामाणिक उत्तर आहे ‘९.८, अधिक-उणे ०.१’. ९.७ पासून ९.९ पर्यंत काहीही. पुण्याचं जी त्यात बसतं, लंडनचंही बसतं. या दोऱ्या-गोळ्याने त्या दोघांतला फरक कळणंच शक्य नाही. त्यामुळे ज्या मुलीला ९.७ मिळालं तिचं उत्तर बरोबर आहे, ९.९ मिळालं त्या मुलाचंही बरोबर आहे. आणि तीस जणांच्या वर्गात सगळ्यांना ९.८१ मिळालं, तर काहीतरी गडबड आहे.

आता एक प्रश्न. वीसच आंदोलनं का मोजायची? एक का नाही? मी हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला. ‘मॅडम, प्रोसिजरमध्ये तसं दिलंय,’ असं उत्तर आलं. एकच आंदोलन मोजलं तर तीच ०.२ सेकंदांची चूक दोन सेकंदांत पडते. म्हणजे दहा टक्के, आणि जीमध्ये वीस टक्के. मग उत्तर येतं ‘९.८, अधिक-उणे २’. वीस आंदोलनं घेतली की हाताची चूक तेवढीच राहते, पण ती वीस जणांत वाटली जाते. एवढी साधी आणि सुंदर गोष्ट ‘वीस आंदोलने मोजा’ या एका ओळीत दडवून ठेवलेली आहे. कृतीतल्या प्रत्येक वाक्यामागे असं एक कारण असतं. आपण मुलांना वाक्य देतो आणि कारण स्वतःजवळ ठेवतो, किंवा खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते आपल्यालाही माहीत नसतं.

न जुळलेली रीडिंग्ज

१६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन या ठिकाणी गेला. ते विषुववृत्ताच्या फक्त पाच अंश उत्तरेला आहे. बरोबर दोलकाचं घड्याळ होतं. पॅरिसमध्ये ते अचूक चालायचं, कायेनमध्ये मात्र दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. ते वेळेवर आणायला त्याला दोलकाची लांबी जवळजवळ तीन मिलिमीटरने कमी करावी लागली. गंमत बघा, वीस आंदोलनांची युक्तीच इथे टोकाला नेलेली आहे. पॅरिस आणि कायेन इथल्या दोलनकालात फरक दीड-दोन हजारांश, म्हणजे हाताने मोजता न येणारा. पण घड्याळ दिवसभर हजारो आंदोलनं मोजत राहिलं आणि फरक साठत साठत मिनिटांचा झाला.

रिशेला ‘घड्याळ बिघडलं’ असं म्हणून गप्प बसता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. पुन्हा पुन्हा मोजलं आणि लिहून ठेवलं. न्यूटनने पुढे ‘प्रिन्सिपिया’मध्ये पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याचं मांडताना या निरीक्षणाचा आधार घेतला. दहावीच्या पहिल्या धड्यात जे एका वाक्यात येतं, त्याच्यामागे हे न जुळलेलं रीडिंग आहे. रिशे आपल्याकडच्या अकरावीत असता तर त्याने पॅरिसचं उत्तर मागून काढलं असतं.

दुसरं उदाहरण रसायनशास्त्रातलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा वगळल्याची बातमी आली, तेव्हा बरीच ओरड झाली. ओरड रास्तच होती. जे विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान सोडणार, त्यांना आवर्तसारणी कधी भेटणार? आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो धडा आहे. पण आपल्याकडे अभ्यासक्रमाची चर्चा नेहमी इथेच सुरू होते आणि इथेच संपते. कुठला धडा आत, कुठला बाहेर. धडा आत आहे तिथे तो कसा शिकवला जातो, हे कुणी विचारत नाही. गण अठरा, निष्क्रिय वायू, हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, पाठ करा आणि पुढे चला.

तो अठरावा गण मेंडेलीव्हच्या १८६९ च्या सारणीत नव्हताच. तो कसा आला ते ऐका. लॉर्ड रॅली नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन त्यांच्या काचेच्या गोळ्यात भरला की त्याचं वजन यायचं सुमारे २.३१० ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून तयार केलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला की सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अर्धा टक्का. आपल्या जर्नलमध्ये हा फरक कुणाच्या डोळ्यातही भरणार नाही, आणि भरला तर खोडरबर आहेच. पण रॅलींना आपल्या वजनकाट्याची चूक किती ते माहीत होतं. ती या फरकापेक्षा खूप लहान होती. म्हणजे फरक खरा होता. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून जाहीरपणे विचारलं की हे असं का होत असावं? १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी हवेत एक नवा वायू असल्याचं जाहीर केलं. तोच अरगॉन. आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेचा जवळजवळ एक टक्का.

या गोष्टीतला माझा आवडता भाग आणखी जुना आहे. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतल्या नायट्रोजनमधून विजेच्या ठिणग्या पाडून तो संपवायचा प्रयोग केला होता. सगळा संपला, फक्त एक छोटा बुडबुडा उरला. मूळ नायट्रोजनच्या फार तर एकशेविसावा भाग. त्यांनाही तो काय आहे ते कळलं नाही. पण त्यांनी तो लिहून ठेवला. १०९ वर्षांनी अरगॉन शोधणाऱ्यांच्या तो उपयोगी पडला.

अरगॉनचा अणुअंक १८ आहे हे मुलाने पाठ करावं, माझी ना नाही. पण ‘फरक आपल्या चुकीपेक्षा मोठा आहे का?’ हा प्रश्न त्याला विचारता यायला हवा. भौतिक विज्ञानात एकच गोष्ट शिकवायची परवानगी मिळाली, तर मी हा प्रश्न शिकवेन.

मी काय घालवलं

आता माझी स्वतःची गोष्ट. सांगताना बरं वाटत नाही, पण तुमच्या उपयोगाची आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी धातूच्या पातळ थरांचा विद्युतरोध मोजत होते. एका वेळी काचेच्या आठ पट्ट्यांवर थर चढवायचा, मग प्रत्येकीचा रोध मोजायचा. सहा पट्ट्यांचे आकडे प्रसिद्ध पेपरमधल्या आकड्याजवळ यायचे. दोन पट्ट्या दर वेळी दहा-बारा टक्के जास्त दाखवायच्या. मी काय केलं असेल? ‘कॉन्टॅक्ट खराब’ असं म्हणून त्या दोन बाजूला ठेवल्या. कॉन्टॅक्ट खरंच खराब आहे का, हे तपासलं नाही. आणि त्यांची रीडिंग्ज वहीत लिहिलीसुद्धा नाहीत.

चार महिन्यांनी गाइडनी विचारलं, ‘उरलेल्या दोन कुठे आहेत?’ मी म्हटलं, ‘सर, त्या खराब होत्या.’ ते म्हणाले, ‘किती खराब?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत काही नव्हतंच.

पुन्हा पहिल्यापासून मोजलं तेव्हा कळलं की त्या दोन पट्ट्या होल्डरच्या कडेला असायच्या. कडेला थर पातळ चढत होता, म्हणून रोध जास्त येत होता. कॉन्टॅक्ट उत्तम होते. शिवाय सगळ्या पट्ट्यांची जाडी सारखीच आहे असं धरून मी बाकीचं गणित केलं होतं, तेही चुकीचं ठरलं. जी दोन रीडिंग्ज मी टाकून दिली, तीच मला खरं काय ते सांगत होती. चार महिन्यांचं काम पुन्हा केलं.

त्या रात्री मला अकरावीचं जर्नल आठवलं. आपल्याला वाटतं, शाळेत सगळेच करतात, पुढे खरं संशोधन करताना आपण नीट वागू. तसं होत नाही. हाताला लागलेली सवय पदवीबरोबर सुटत नाही. मी फसवणूक करत नव्हते, माझ्या लेखी मी ‘साफसफाई’ करत होते. शाळेनेच शिकवलेली.

संशोधन काय सांगतं

हा माझ्या एकटीचा अनुभव असता तर मी इतकं लांबण लावलं नसतं. विज्ञान शिक्षणाच्या संशोधनात यावर बरंच काम झालं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन विद्यापीठात बफलर, अ‍ॅली, लुबेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मापनाबद्दलची समजूत तपासली. त्यांनी दोन प्रकारचे विचार वेगळे केले. एका प्रकारात विद्यार्थ्याला वाटतं की प्रत्येक रीडिंग हे स्वतंत्रपणे खरं उत्तर असू शकतं. पुन्हा मोजायचं ते ‘बरोबर’ रीडिंग सापडावं म्हणून. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी सगळ्या रीडिंग्जकडे एक संच म्हणून बघतो. त्यांचा मध्य कुठे आहे आणि पसारा किती आहे, हे दोन्ही मिळून उत्तर होतं. पहिल्या विचाराला त्यांनी बिंदूचा विचार म्हटलं, दुसऱ्याला संचाचा. सरासरी काढायची रीत येत असली म्हणजे संचाचा विचार आला असं नाही. आपल्याकडची मुलं तीन रीडिंग्जची सरासरी डोळे मिटून काढतात. का काढली विचारलं तर ‘कॉलम आहे म्हणून’.

दुसरा अभ्यास २०१५ चा. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांचा. वीमन म्हणजे २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले, नंतर शिक्षणाच्या संशोधनात उतरलेले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना दोलकच दिला, पण जी काढायला सांगितलं नाही. दोलक एकदा १० अंशांतून सोडा, एकदा २० अंशांतून. दोन्ही दोलनकाल अनिश्चिततेसकट काढा. दोघांतला फरक अनिश्चिततेच्या मानाने किती ते बघा. मग मापन सुधारा आणि पुन्हा तुलना करा.

पुस्तक म्हणतं, लहान कोनांना दोलनकाल कोनावर अवलंबून नसतो. खरं म्हणजे थोडा असतो. १० अंशांना तो सूत्रापेक्षा सुमारे ०.२ टक्के जास्त, २० अंशांना सुमारे ०.८ टक्के जास्त. दोघांतला फरक जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. पाच-दहा आंदोलनं मोजली तर तो दिसतच नाही, सूत्र बरोबर वाटतं. पण मोजमाप सुधारत गेलं की फरक डोकं वर काढतो, आणि मुलाला स्वतःच्या आकड्यांतून कळतं की पुस्तकातलं सूत्र एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. कुणी सांगावं लागत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत तुलना करून सुधारणा करण्याच्या सूचना होत्या, त्याला मार्क होते. पुढे सूचना काढून घेतल्या. तरीही या मुलांची सवय टिकली. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या आधीच्या तुकडीच्या तुलनेत, आपली पद्धत आपणहून सुधारण्याचं प्रमाण बारा पट निघालं, आणि आपल्या आकड्यांवरून सूत्राची मर्यादा ओळखण्याचं चार पट.

इथे एक सावधगिरी. हा विद्यापीठातला, दुसऱ्या देशातला अभ्यास आहे. तो आपल्या नववीला जसाच्या तसा लावू नका. असं वाचलं की ‘हे आपल्याकडेही चालेल’ असं लगेच म्हणणं, हाही मागून उत्तर काढण्याचाच प्रकार. पण शाळेच्या पातळीवर आपल्या शेजारीच एक मोठा प्रयोग झालेला आहे. मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत तो सुरू केला, पुढे एकलव्य संस्थेने चालवला. सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांतली मुलं स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढायची. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवता यायचं आणि प्रयोगाचीही परीक्षा असायची. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. पण तीस वर्षं साध्या सामानावर, साध्या शाळांत हे चाललं होतं. म्हणजे ‘आपल्याकडे अशक्य’ हे म्हणणं टिकत नाही.

पण वर्गात साठ मुलं आहेत त्याचं काय?

ही हरकत माझ्या आईची. ती निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. मी हे सगळं तिला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुझ्या लॅबमध्ये आठ पट्ट्या आणि तू एकटी. माझ्या वर्गात साठ पोरं आणि एक स्टॅंड. वर सिलॅबस जानेवारीत संपवायचा. बोल आता.’

तिचं बरोबर आहे. पण साठ मुलं ही या बाबतीत अडचण नाही, सोय आहे. एक दोरा, एक दगड छताच्या हुकाला बांधा. दोन-तीन मोबाइल असतील तर तेच स्टॉपवॉच म्हणून फिरवा. दहा आंदोलनांचा वेळ प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता मोजायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. मग फळ्यावर आडवी रेघ मारून प्रत्येकाच्या आकड्यावर एक फुली. साठ फुल्यांचा मध्ये उंच, कडेला उतरता ढीग तयार होतो. एखादी फुली फार लांब पडते, तिथे थांबून विचारायचं की असं का झालं असेल? बहुतेक वेळा कुणीतरी आंदोलन एक कमी मोजलेलं असतं. दोन तासिकांचं काम आहे. पसारा म्हणजे काय, हे एकट्या मुलाला तीन रीडिंग्जमधून कधीच दिसणार नाही. साठ जणांच्या वर्गात ते फळ्यावर दिसतं.

‘वेळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि टीका करणाऱ्याने काय कमी करायचं तेही सांगितलं पाहिजे. मी आकडे सूत्रात घालायची उदाहरणं निम्मी करेन. दगड इतक्या उंचीवरून पडला तर किती वेळ लागेल, याची दहा उदाहरणं सोडवून मुलाला दहाव्यात नवीन काही कळत नाही. प्रयोगांची संख्याही कमी करेन. वर्षात दहा प्रयोग एकेकदा उरकण्यापेक्षा चार प्रयोग दोनदा करावेत. दुसऱ्यांदा करताना आधीपेक्षा काय सुधारलं ते लिहायचं. धडा एकही काढायला नको.

आणि मार्क. दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीसचे दोन पेपर आणि वीस मार्कांचं प्रॅक्टिकल असतं. ते वीस मार्क बऱ्याच ठिकाणी सढळ हाताने वाटले जातात, हे उघड गुपित आहे. ते उत्तराला न देता नोंदीला दिले तर? रीडिंग खोडलंय पण वाचता येतंय, बाजूला कारण लिहिलंय, त्याला मार्क. उत्तरापुढे ‘अधिक-उणे किती’ लिहिलंय, त्याला मार्क. तीन रीडिंग्ज हुबेहूब सारखी आहेत तिथे ‘कशी आली?’ असा प्रश्न.

यावर आई म्हणाली, ‘सीईटी, जेईई, नीट यांपैकी कुठे प्रॅक्टिकल विचारतात?’ याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. प्रवेशपरीक्षा चार पर्यायांतला एक मागतात आणि पालक त्यासाठीच फी भरतात. ते बदलेपर्यंत अकरावी-बारावीत फार काही होणार नाही. म्हणून माझा जोर आठवी ते दहावीवर आहे. तिथे अजून थोडी मोकळी जागा शिल्लक आहे.

तुमच्यासाठी

तुमची शाळा होऊन गेली. पण सवय बदलायला उशीर झालेला नाही. या रविवारी एक मीटर दोरा आणि जड नट घ्या. दोरा पक्का बांधा, टोक हलता कामा नये. कोनमापक घेऊन दोलक आधी १० अंशांतून सोडा, मग २० अंशांतून, आणि दहा-दहा आंदोलनं मोजा. प्रत्येक पाच वेळा. मोजायच्या आधी अंदाज लिहा, पेनाने. फरक दिसतो का? दिसत नसेल तर तुमची चूक फरकापेक्षा मोठी आहे. ती कशी कमी कराल? आंदोलनांची संख्या वाढवली तर हवेमुळे कोन हळूहळू कमी होत जाईल, तेव्हा ‘२० अंश’ हे नेमके कुठले २० अंश? त्याचं काय करणार, ते तुम्ही ठरवा.

यात तुम्हाला काहीही नवीन सापडणार नाही. पण संशोधनातला बहुतेक दिवस असाच जातो, हे कळेल. आणि तो दिवस तुम्हाला आवडतो का, हेही कळेल. गाइड शोधण्याआधी ते कळलेलं बरं.

एकही रीडिंग खोडरबरने पुसू नका. काट मारा, खालचं दिसू द्या.